जखम एवढीशी, ठणका एवढा: दुखणं कमी-जास्त करणाऱ्या रसायनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं कोकणातल्या घरांसाठी आहेत, म्हणून उदाहरणं लावणीची, मासळीची, मिरचीची आणि विंचवाची. शरीरातलं रसायनशास्त्र मात्र जगात सगळीकडे तेच. कुठल्या दुखण्यामागे कुठलं रसायन आहे हे कळलं, की बर्फ लावायचा की गरम पाणी, गोळी घ्यायची की नाही, यातले बरेच घोळ टळतात. औषधांचे आकडे प्रौढांचे आहेत, मुलांचे असतील तिथे तसं सांगितलं आहे.

बोटात साधा काटा मोडला तर रात्रभर ठणका का लागतो?

काट्याने केलेलं नुकसान टाचणीच्या टोकाएवढं असतं. रात्री दुखतं ते त्या नुकसानीनंतर तिथे जमलेल्या रसायनांमुळे. फुटलेल्या पेशींमधून पोटॅशियम आणि एटीपी (पेशींचं इंधन) बाहेर पडतं. रक्तद्रवातून काही सेकंदांत ब्रॅडिकायनिन तयार होतं. तिथल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, आणि पेशींच्या आवरणातल्या ॲराकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन बनायला लागतं. मागून पांढऱ्या पेशी येतात, त्या टीएनएफ आणि इंटरल्यूकिन नावाची प्रथिनं सोडतात.

यांची कामं सारखी नाहीत, आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. ब्रॅडिकायनिन, आम्ल आणि एटीपी मज्जातंतूच्या टोकाला थेट डिवचतात. प्रोस्टाग्लँडिन स्वतः फारसं दुखवत नाही. ते त्या टोकाचा उंबरठा खाली आणतं, म्हणजे एरवी ज्या स्पर्शाची दखलही घेतली नसती तो आता दुखतो. काटा काढला तरी ही रसायनं तिथेच असतात. नखाच्या कडेला नखुरडं झालं असेल तर सूज पसरायला जागा नसते, त्यामुळे दाबाची भर पडते.

त्यात मज्जातंतूही नुसता निरोप पोचवून थांबत नाही. त्याचं टोक उलट दिशेने सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही रसायनं त्वचेत ओततं. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यातून पाणी झिरपतं, आजूबाजूची त्वचा लाल होते. थॉमस लुईस यांनी 1927 मध्ये ओरखड्याभोवती पसरणाऱ्या या लालीचं नेमकं वर्णन केलं होतं. सबस्टन्स पी त्यानंतर चार वर्षांनी, 1931 मध्ये सापडलं.

कोयता लागला की आधी चटकन कळ येते आणि मग आग होते. दोनदा का दुखतं?

कारण तारा दोन आहेत. ए-डेल्टा तंतूंवर पातळ आवरण असतं, त्यांच्यातून निरोप सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने जातो. सी तंतूंवर आवरण नसतं, त्यांचा वेग सेकंदाला साधारण 0.5 ते 2 मीटर. पायाच्या अंगठ्यापासून मेंदूपर्यंत दीड मीटर धरलं, तर पहिली कळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शात पोचते आणि आग एक-दीड सेकंदाने. रसायनं प्रामुख्याने सी तंतूंना छळतात, म्हणून नंतर उरतो तो जळजळीचा आणि ठणक्याचा प्रकार.

मसाल्याच्या मिरच्या कुटून हात पेटलेत. पाण्यात बुडवले तरी आग जात नाही.

जाणारच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. पाणी फक्त ते पसरवतं, आणि पाणी गरम असेल तर आग वाढते. असं करा:

हात कोरडे पुसा. खोबरेल तेल दोन्ही हातांना, नखांच्या खाचांतही, दोन मिनिटं चोळा. ते कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि फडकं बाजूला टाका. मग भांड्यांच्या साबणाने थंड पाण्यात धुवा. हे सगळं दोन-तीनदा करा. तोवर डोळ्यांना, तान्ह्या बाळाला आणि स्वतःच्या नाकाला हात नको. तोंड पोळलं असेल तर दूध किंवा दही चालतं, त्यातलं केसीन कॅप्सेसिनला धरून नेतं. सोलकढीतल्या नारळाच्या दुधाची स्निग्धताही थोडी कामी येते.

हात खरोखर भाजत नसतात, भाजल्याचा निरोप मात्र खरा असतो. टीआरपीव्ही1 नावाचं दार मज्जातंतूच्या टोकावर असतं, ते साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर उघडतं. कॅप्सेसिन तेच दार थंड हवेतही उघडतं. डेव्हिड जूलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये हे दार शोधलं, त्यासाठी त्यांना 2021 चं नोबेल मिळालं. वारंवार कॅप्सेसिन लागलं की तीच टोकं थकून बधिर होतात. सांधेदुखीसाठी 0.025 ते 0.075 टक्क्यांचं कॅप्सेसिन मलम मिळतं ते याच गुणामुळे. ते दिवसातून तीन-चार वेळा, नेमाने, दोन ते चार आठवडे लावावं लागतं. पहिले काही दिवस आग होते, आणि बहुतेक लोक तेव्हाच ट्यूब फेकून देतात.

तिरफळाने जिभेला येतात त्या मुंग्या. ती आग नव्हे, आणि रसायनही वेगळं.

समुद्रावर दिवसभर ऊन लागलं. संध्याकाळी कोमट पाणीही चटके देतं, ते कसं?

तेच दार, फक्त उंबरठा बदललेला. उन्हाने डिवचलेल्या त्वचेत प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन वाढतं, आणि त्यांच्यामुळे टीआरपीव्ही1 43 अंशांऐवजी त्याहून बऱ्याच कमी तापमानाला उघडायला लागतं. मग आंघोळीचं 38 अंशांचं पाणी भाजतं, सदरा टोचतो. दुखणं 12 ते 24 तासांत शिगेला पोचतं. त्यामुळे गोळी घ्यायचीच तर त्याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबून उपयोग नाही. साधं थंड पाणी 10-15 मिनिटं, भरपूर पिणं, आणि फोड फोडायचे नाहीत. कोकमतेल टाचांच्या भेगांसाठी छानच, पण ताज्या पोळलेल्या त्वचेवर कुठलाही जाड तेलकट थर उष्णता आत कोंडतो.

दुखण्याची गोळी नेमकं काय करते? कधी घ्यायची, कधी अजिबात नाही?

ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनामिक ॲसिड ही सगळी एकाच कुळातली. ॲराकिडॉनिक आम्लाचं प्रोस्टाग्लँडिन करणारं कॉक्स नावाचं विकर ती बंद पाडतात. जॉन वेन यांनी 1971 मध्ये हे दाखवलं आणि 1982 चं नोबेल त्यांना दोघांबरोबर विभागून मिळालं. यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, गोळी नवीन प्रोस्टाग्लँडिन थांबवते, आधी बनलेलं पुसत नाही, म्हणून दुखणं चढायच्या आत घेतलेली गोळी जास्त लागू पडते आणि गुण यायला अर्धा ते एक तास जातो. दोन, हेच प्रोस्टाग्लँडिन पोटाचं अस्तर जपतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतं, म्हणून तिथलं संरक्षणही त्याच गोळीने जातं.

आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून तीनदा, तीन-चार दिवस, एवढ्यात भागत नसेल तर गोळी बदलण्याऐवजी कारण शोधा. एकाच कुळातल्या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर गुण दुप्पट होत नाही, अल्सर मात्र होतो. बाजारातल्या अनेक गोळ्या जोडगोळ्या असतात. ॲसिक्लोफिनॅक 100 आणि पॅरासिटामॉल 325 ही नेहमीची. पाकिटावरचं वाचल्याशिवाय वर आणखी पॅरासिटामॉल घेऊ नका. पॅरासिटामॉल दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जाऊ नये, अंगाने बारीक किंवा रोज दारू घेणाऱ्याने 3 ग्रॅमच्या आत राहावं. मुलांना वजनाच्या किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात जास्तीत जास्त चारदा.

कॉक्स बंद पाडणाऱ्या या गोळ्या अजिबात नकोत: डेंग्यूची शक्यता असताना (रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट आधीच उतरलेल्या असतात), मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपणात 20 आठवड्यांनंतर डॉक्टरने सांगितल्याशिवाय, आणि पावसाळ्यातल्या ज्या तापाचं निदान झालेलं नाही त्यात. अशा तापात पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिनने प्लेटलेटवर केलेला परिणाम गोळी थांबवल्यावरही 7 ते 10 दिवस राहतो. दात काढायला जाताना आठवणीने सांगा, मात्र हृदयासाठी चालू असेल तर मनाने थांबवू नका.

लावणीच्या तिसऱ्या दिवशी कंबर आणि पोटऱ्या उठू देत नाहीत. लॅक्टिक ॲसिड साठतं ना?

नाही. लॅक्टिक ॲसिड काम थांबल्यावर तासाभरात निघून जातं, आणि हे दुखणं तर सुरूच होतं 12-24 तासांनी. चिखलात वाकून पाय उपसताना स्नायू ताणले जाताजाताच आकसतात. त्याने ब्रॅडिकायनिन सुटतं आणि पुढच्या दिवसाभरात स्नायूमध्ये एनजीएफ, म्हणजे मज्जातंतू वाढवणारं प्रथिन, वाढतं. (एनजीएफच्या शोधासाठी रिटा लेवी-माँताल्चिनी यांना 1986 चं नोबेल.) एनजीएफ तंतूंना हळवं करून ठेवतं. 24 ते 72 तासांत कळस, आठवड्याभरात उतार. हलकं चालणं आणि शेक याने बरं वाटतं. पहिल्याच दिवशी आठ तास न राबता दोन-तीन दिवसांत वाढवत नेलं तर दुसऱ्या शेताच्या वेळी निम्मंही दुखत नाही.

पण पोटरीच्या दुखण्याबरोबर ताप असेल तर हा परिच्छेद विसरा. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, पावसाळ्यात पोटऱ्यांच्या दुखण्याचं दुसरं कारण लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुताने दूषित चिखलातून, पायाच्या चिरांमधून जंतू आत जातात आणि साधारण 5 ते 14 दिवसांनी ताप येतो. ओळखीची खूण अशी: पोटरी नुसती दाबली तरी ओरडायला होतं, डोळे लाल असतात पण त्यांना पू नसतो, डोकं फुटतं. लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं, धाप लागणं किंवा थुंकीत रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय. हा जंतू मूत्रपिंडावर जातो. त्यात लावणीच्या दुखण्याची म्हणून डायक्लोफिनॅकची सुई घेतली, तर मूत्रपिंडाचं उरलेलं संरक्षण आपणच काढून घेतो. सुरुवातीच्या दिवसांत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लागू पडतं. हंगामात आठवड्याला 200 मिलिग्रॅमची प्रतिबंधक मात्रा देतात, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर बर्फ लावायचा का?

उलट. या माशांच्या काट्यांमधल्या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात, त्यामुळे इथे बर्फ चुकीचा. हात किंवा पाय 40 ते 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 30 ते 90 मिनिटं बुडवा, निवत आलं की पाणी बदला. 45 च्या वर मुळीच नाही. पाणी दुसऱ्याच्या हाताने किंवा न लागलेल्या हाताने तपासा. काटा लागलेला भाग बधिर असतो, त्याला पाणी उकळतं आहे हे कळणारच नाही, आणि विषापेक्षा भाजल्याची जखम मोठी होते. वर दिसणारा काट्याचा तुकडा काढा. पोटात, छातीत किंवा गळ्यात रुतलेला पाकटाचा काटा मात्र बोटीवर ओढू नका, तसाच स्थिर ठेवून रुग्णालयात न्या. खारट पाण्यातल्या जखमा चिघळतात, म्हणून धनुर्वाताची सुई आणि दोन दिवस जखमेवर लक्ष.

विंचू उतरवणाऱ्याकडे नेल्यावर कळ खरंच कमी होते. मग डॉक्टर कशाला?

कळ कमी होते हे खोटं नाही. विश्वासाने शरीर स्वतःची एंडॉर्फिन सोडतं, मेंदूतून मणक्यात उतरणाऱ्या वाटेने वेदनेचा निरोप दाबला जातो. शरीराची ही अफूसारखी रसायनं 1975 मध्ये ह्यूजेस आणि कॉस्टरलिट्झ यांनी शोधली. 1978 मध्ये असं दिसलं, की खोट्या गोळीने आलेला उतार नॅलॉक्सोन (अफूचा परिणाम अडवणारं औषध) दिल्यावर जातो, म्हणजे त्या उताराला रसायनाचा आधार होता.

पण लाल विंचवाने माणूस दगावतो तो कळेने नाही. त्याचं विष मज्जातंतूंची सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं. आधी भयंकर कळ, मग ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिनचा पूर. घाम, उलटी, थंडगार हातपाय, वेगाने किंवा फार सावकाश चालणारी नाडी, मग फुप्फुसात पाणी आणि फेसाळ थुंकी. या पुराला मंत्राचं एंडॉर्फिन पुरत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध इथे वापरून दाखवलं. ते नॉरॲड्रेनालिनची दारं अडवतं. विंचवाचं प्रतिविषही आता मिळतं. जागच्या कळेसाठी डॉक्टर लिग्नोकेन हे भुलीचं औषध टोचतात. लहान मूल असेल तर लक्षणं नसली तरी रात्रभर रुग्णालयातच ठेवा.

फुरसं चावलं आणि फार दुखतंय, वाटेत दुखण्याची सुई घेऊ का?

नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. डायक्लोफिनॅक आणि ॲस्पिरिन त्यात भर घालतात, आणि कमरेत टोचलेल्या सुईच्या जागी रक्त साठत जातं. तोंडाने पॅरासिटामॉल चालेल. रुग्णालयात कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिलिलिटर रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर ते पातळच असेल तर सर्पदंशाचं प्रतिविष लागतं.

सापांचा वेदनेच्या रसायनशास्त्रावर एक उपकारही आहे. 1949 मध्ये ब्राझीलमध्ये रोशा ए सिल्वा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जराराका सापाचं विष कुत्र्याच्या रक्तद्रवात मिसळलं आणि त्यातून ब्रॅडिकायनिन सापडलं. त्याच विषाच्या पाठपुराव्यातून पुढे कॅप्टोप्रिल आलं. रक्तदाबाच्या या कुळातल्या गोळ्यांनी (एनालाप्रिल, रॅमिप्रिल) काहींना कोरडा खोकला लागतो, तो ब्रॅडिकायनिन साठल्यामुळेच.

खाजकुइली लागल्यावर खाजेची गोळी का लागू पडत नाही?

कारण ती खाज हिस्टामिनची नाही. खाजकुइलीच्या केसांवर म्युक्युनेन नावाचं प्रथिनं कापणारं विकर असतं, ते मज्जातंतूच्या टोकावरच्या वेगळ्याच दाराला कापून उघडतं. हिस्टामिन अडवणारी गोळी त्याला काय करणार? चोळू नका, केस मोडून आत जातात. पॅकिंगची चिकट पट्टी लावून उचला, दर वेळी नवीन पट्टी, मग वाहत्या पाण्याने धुवा. कपडे वेगळे भिजवा. शेण लावायची पद्धत सोडून द्या, ओरखडलेल्या त्वचेवर ते धनुर्वाताला आमंत्रण आहे.

सुरण आणि अळूची खाज याची चुलतबहीण: सुईसारखे स्फटिक टोचतात आणि त्यांच्याबरोबरचं प्रथिन आत शिरतं. नीट शिजवल्यावर सुया राहतात पण प्रथिन मरतं, म्हणून अर्धकच्चं सुरण घसा धरतं.

बर्फ, शेक की बाम?

मुरगळल्यावर पहिले दोन दिवस बर्फ, फडक्यात गुंडाळून 10-15 मिनिटं. थंडीने तंतूंचा वेग मंदावतो. जुनाट आखडलेल्या स्नायूंना शेक. बाममधलं मेंथॉल थंडाव्याचं दार (टीआरपीएम8) उघडून कळेवर पांघरूण घालतं, सूज उतरवत नाही. बाम लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, त्वचा पोळते.

पाळीच्या दुखण्यात कुठली गोळी?

गर्भाशयाच्या अस्तरातून सुटणारं प्रोस्टाग्लँडिन एफ2 अल्फा स्नायू इतके आवळतं की त्यांचा रक्तपुरवठा आखडतो. म्हणून इथे मेफेनामिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन पॅरासिटामॉलपेक्षा सरस. पाळी सुरू होताच पहिली गोळी, जेवून, आणि दोन-तीन दिवस वेळेवर. अंथरुणाला खिळल्यावर घेतलेली गोळी उशिराची. दरवर्षी दुखणं वाढत असेल किंवा पाळी संपल्यावरही राहत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, ते साधं दुखणं नव्हे.

जखम भरून महिने झाले तरी दुखतं. मनाचं दुखणं आहे का?

नाही, मणक्यातलं आहे. सतत येणाऱ्या निरोपांनी मज्जारज्जूतल्या पेशी ग्लुटामेट आणि सबस्टन्स पीला जास्त जोराने दाद द्यायला लागतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये हे दाखवलं. मग चादरीचा स्पर्शही दुखतो. इथे आयब्युप्रोफेनचा फारसा उपयोग नाही, कारण जागेवर प्रोस्टाग्लँडिन उरलेलंच नसतं. डॉक्टर रात्री ॲमिट्रिप्टिलिन (मूळचं नैराश्यावरचं औषध) 10 मिलिग्रॅम देतात, तेव्हा घरचे वेड्याची गोळी म्हणून घाबरतात. एवढ्या कमी मात्रेत तिचं काम वेगळं: मेंदूतून खाली उतरणाऱ्या वाटेवर नॉरॲड्रेनालिन आणि सिरोटोनिन टिकवून निरोप दाबणं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोंड कोरडं पडतं, सकाळी झोप राहते.

मधुमेह आहे, पाय जळतात, पण चटका बसला तरी कळत नाही. दोन्ही कसं?

आजारी तंतू विनाकारण निरोप पाठवतात आणि खरे निरोप गाळतात. दुपारच्या जांभ्याच्या अंगणात अनवाणी चाललेल्या पायाला फोड येतो आणि तो रात्री चादरीवरच्या डागावरून समजतो. रोज तळवे आरशात पाहा, पाणी कोपराने तपासा, वर्षातून एकदा 10 ग्रॅमचा दाब देणाऱ्या नायलॉनच्या बारीक दोऱ्याने पायाची चाचणी करून घ्या.

दातात पू आहे. दंतवैद्य म्हणतात सुई नीट लागू पडणार नाही. खरं का?

खरं. भूल देणारं लिग्नोकेन तंतूच्या आत शिरतं ते विद्युतभार नसलेल्या रूपात. निरोगी भागाची आम्लता 7.4 पीएचच्या आसपास असते. पू झालेला भाग जास्त आम्ल असतो, तिथे लिग्नोकेनचा मोठा हिस्सा भारित होऊन तंतूच्या बाहेरच राहतो. शिवाय प्रोस्टाग्लँडिनने तंतू आधीच हळवे करून ठेवलेले. म्हणून डॉक्टर पूपासून लांब, मज्जातंतूच्या मुळाशी भूल देतात, किंवा आधी पू काढून मग दाताला हात लावतात. जाण्याआधी तासभर घेतलेली आयब्युप्रोफेन (चालत असेल तर) भुलीला मदत करते. गालावर लवंगतेल चोळून किंवा दातात तंबाखू धरून हिरडी भाजून घेतलेली असेल तर तेही सांगा, म्हणजे पांढरा पडलेला भाग आजाराचा की उपायाचा हे त्यांना कळेल.